शेवटच्या खोलीतलं नाव

कॅलिफोर्नियात सनीवेलमधल्या एका कंपनीत लेनोर प्रुइट लागली, तेव्हा खिडकीबाहेर जर्दाळूच्या बागा होत्या. १९७९ सालापर्यंत तिथं नुसत्या गाड्या उभ्या राहू लागल्या. टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी व्हिडिओ खेळ लिहायचे, हे तिचं काम. तिची आई चर्चमध्ये सांगायची, "आमची लेनोर टीव्हीवर असते." बायका मग तिला कोणत्या कार्यक्रमात शोधायचं ते विचारायच्या.

तिच्या शेजारच्या टेबलावर गिल फुर्टाडो बसायचा. त्या वर्षी दोघांनी मिळून एका गुहेचा खेळ केला. गुहा, वटवाघळं, चोरवाटा सगळं गिलचं. आवाज आणि खेळ जिंकल्यावर वाजणारी छोटीशी धून लेनोरची. खेळाच्या खोक्यावर मात्र नाव फक्त कंपनीचं. खेळ कुणी केला हे बाहेर कळू द्यायचं नाही, असा साहेबांचा दंडकच होता.

गिलला याचा त्रास व्हायचा तो वडिलांपायी. मॅन्युएल फुर्टाडो म्हणजे सान लिआंड्रोचा म्हातारा वेल्डर, जन्मभर जहाजं सांधलेला माणूस. दर रविवारी जेवताना तो विचारायचा, "पोरा, तू केलंस म्हणतोस, मग खोक्यावर तुझं नाव कुठंय? की तिथं झाडू मारतोस आणि आम्हाला थापा मारतोस?" सगळे हसायचे. गिलही हसायचा.

एक दिवस गिलनं लेनोरला हळूच टीव्हीच्या पडद्याजवळ बोलावलं. गुहेतली सगळ्यात शेवटची खोली, सहसा कुणी पोचणार नाही अशी. तिच्या भिंतीवर ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलं होतं: फुर्टाडो.

"साहेबांना कळलं तर हाकलतील तुला," लेनोर म्हणाली.

"कळतंय कशाला? तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. नाताळला म्हाताऱ्याला या खोलीत नेऊन उभा करतो की नाही बघ!"

सप्टेंबरात मॅन्युएलला छातीच्या दुखण्यानं इस्पितळात ठेवलं, म्हणून गिल सुट्टीवर गेला. नेमका त्याच आठवड्यात खेळात दोष सापडला. शेवटच्या खोलीत दोन वटवाघळं एकदम आली की खेळ जागीच गोठायचा. संध्याकाळी सगळं चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे पाठवायचं होतं. एकदा चिपमध्ये उतरलं की त्यातलं अक्षरही बदलता येत नाही. लेनोरनं दुपारपर्यंत दुरुस्ती लिहून काढली, पण ती मावेना. चिपमध्ये जागा ती केवढी! सगळी गुहा आधीच त्यात कशीबशी कोंबलेली. काहीतरी काढणं भाग होतं.

काढण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. तिची धून आणि गिलचं नाव.

तिनं इस्पितळात लावायला फोन उचलला. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला असलं काय विचारायचं, असं स्वतःला सांगून तो खाली ठेवला. खरं कारण वेगळं होतं आणि ते तिला तेव्हाही कळत होतं. विचारलं असतं तर धून काढावी लागली असती. शिवाय मनात कुठंतरी खुपत होतंच, की माझं नाव तरी कुठंय? तिनं नाव पुसलं, दुरुस्ती बसवली आणि टेप पाठवून दिली. साहेब तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "वाचवलंस बाई!"

गिल परत आला तेव्हा ती म्हणाली, "वटवाघळांचा घोळ मिटवला मी." पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. पुढं रोजच तसं होऊ लागलं.

नाताळनंतर गिल कामावर आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. "सगळ्या घराला गोळा केलं, लेनोर. काका, आत्या, शेजारीपाजारी. म्हाताऱ्याची खुर्ची अगदी पुढं ठेवली. शेवटच्या खोलीत गेलो, तर भिंत कोरी!"

"काय म्हणाले ते?"

"काहीच नाही. तेच तर! टोमणा मारला असता तरी चाललं असतं. माझा खांदा थोपटून म्हणाले, असू दे पोरा." गिलनं कपाळ चोळलं. "माझीच चूक असणार कुठंतरी. गाढव आहे मी!"

मग तो खेळाच्या प्रोग्रॅमच्या छापील कागदांचा गठ्ठा उघडून आपली चूक शोधायला बसला. दुसऱ्या दिवशीही तेच. तो स्वतःला शिव्या घालत ओळीमागून ओळ तपासत होता आणि लेनोर शेजारी बसून ते बघत होती. तिसऱ्या दिवशी तिला ते पाहवेना.

"गिल, शोधू नकोस. मी काढलं ते."

तिनं सगळं सांगितलं, फोनचंही. गिलनं एकच प्रश्न विचारला, "धून काढली असती तर जागा पुरली असती?"

"पुरली असती."

त्यानं कागद गोळा केले आणि साहेबांना सांगून दुसऱ्या खोलीत टेबल हलवून घेतलं.

लेनोर साहेबांकडे गेली. पुढच्या छपाईत माहितीपुस्तिकेत तरी गिलचं नाव घाला, म्हणाली. साहेब हसले. "आज त्याचं घातलं की उद्या तू रांगेत!" ती म्हणाली, "माझं नको. लेखी देते हवं तर." ते उठून गेले. तिनं महिन्याभरात नोकरी सोडली. खेळ दुकानांत धडाधड खपत होता आणि ज्या घरात तो जिंकला जाई, तिथं तिची धून वाजत होती.

वसंतात मॅन्युएल गेल्याचं तिला एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. अंत्यविधीला ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली आणि प्रार्थना संपताच निघाली. पायऱ्यांवर गिलनं तिला गाठलं.

"बाबा शेजाऱ्यांना सांगत राहिले शेवटपर्यंत," तो म्हणाला. "माझ्या पोरानं केलाय म्हणून. कुणी विचारलं, नाव कुठंय, तर त्याच्यावरच ओरडायचे."

लेनोरला रडू आवरेना. "गिल, मी..."

"मी माफ केलंय असं समजू नकोस," तो म्हणाला. "पण आईनं सगळ्यांसाठी सूप केलंय, पाव भाजलेत. जेवल्याशिवाय जायचं नाही."

ती त्याच्यामागून चर्चच्या हॉलमध्ये गेली. गिलच्या आईनं तिच्यापुढं वाटी ठेवली आणि विचारलं, "तू कोण गं, बाळ?"

"गिलबरोबर काम करत होते," लेनोर म्हणाली. स्वतःचं नाव तिनं सांगितलं नाही.