गंगेपलीकडची मांजरं

मांजरं सांभाळायला घेतली की मांजरांपेक्षा माणसांचेच किस्से जास्त साठतात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी पंचवटीत शैलाताईंच्या गॅरेजमध्ये त्या आणि मी अशा आम्ही दोघी टाकून दिलेली मांजरं ठेवायचो आणि त्यांना घरं शोधायचो. तेव्हाची माणसं आठवली की अजून डोकं फिरतं!

गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. आणि इथे सगळ्यांना पाठ, 'गंगा ओलांडली की मांजर परत येत नाही.' म्हणून नाशिककडचे पोत्यात घालून पंचवटीत सोडणार, पंचवटीतले तिकडे! एकदा पुलावर दोन स्कूटरवाले समोरासमोर आले. दोघांच्याही पायाशी ओरडणारं पोतं. निर्लज्जांनी एकमेकांना नमस्कार केला आणि गेले.

अशाच एका पोत्यातून ठमी आणि बाजी आले. ठमी पांढरीशुभ्र, पण कुकरची शिट्टी झाली तरी दडून बसणारी. बाजी काळाकुट्ट, फाटक्या कानाचा बोका. तो शेजारी असेल तरच ती खायची, नाहीतर उपाशी. म्हणून शैलाताईंची अट होती, न्यायचं तर दोघांना.

*

कॉलेज रोडच्या एक बाई आल्या. "पांढरी सोफ्यावर छान दिसेल. काळा नको हं, मुलीचं लग्न जमवतोय."

"मग जावईसुद्धा गोराच बघताय ना?" शैलाताईंनी विचारलं. बाई चपला घालून चालत्या झाल्या.

*

चांदवडचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले. "बोका द्या. धान्याला उंदरं लय लागलीत. ही पांढरी नको, हिलाच उंदरं पळवतील!"

"दोघांना न्यावं लागेल."

"म्हणजे एकानं राबायचं नि दुसऱ्यानं बसून खायचं?"

मागून बायको म्हणाली, "मग आपल्या घरात काय येगळं हाय?"

*

एका इंजिनिअरने तर फारच गळ घातली. "मांजर काय हो, दोन दिवसांत विसरतं!" शैलाताईंनी नाइलाजाने एकट्या ठमीला दिलं. चौथ्या दिवशी साहेब खोकं घेऊन हजर.

"पीस डिफेक्टिव्ह आहे. फ्रिजमागून निघत नाही, खात नाही. बदलून द्या."

"मांजर आहे ते, मिक्सर नाही!" मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले.

"म्हणूनच बिल घ्यायला हवं होतं," असं पुटपुटत तो गेला.

*

मग गंगेपलीकडून, गंगापूर रोडचं एक गोड जोडपं आलं. दोघांनाही आनंदाने घेऊन गेले. वर आम्हाला पेढे!

थोड्याच दिवसांनी सकाळी गॅरेज उघडलं, तर दारात बाजी. अंगाला पोत्याचे धागे चिकटलेले.

माझा संताप संताप झाला. शैलाताईंनी मात्र बाजीला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि गंगापूर रोडला जायला रिक्षा बोलावली.

"या, या!" गृहस्थ हसत म्हणाले. "ठमी जरा लाजते, कपाटामागेच असते."

"आणि बाजी?"

"एकदम मजेत! आत्ताच दूध पिऊन गच्चीवर गेलाय."

टोपलीतून बाजी ओरडला.

कपाटामागून ठमी बाहेर आली. हाडं दिसत होती पोरीची. इतक्या माणसांसमोर ती कधीच आली नव्हती. सरळ टोपलीपाशी येऊन उभी राहिली. शैलाताईंनी झाकण उचललं, ठमीने आत उडी मारली, झाकण बंद.

"अहो, आमची मांजर कुठे नेताय?" गृहस्थ दारापर्यंत धावले. "परत कधी आणणार?"

शैलाताई रिक्षात बसल्या, टोपली मांडीवर घेतली.

"गंगा ओलांडली की मांजर परत येत नाही!"