झुरळांच्या वाटा बुजवणाऱ्या शैलाताई

"मावशी, आई गेली," केतकी फोनवर म्हणाली. दुबईत वाढलेली ही शैलाताईंची मुलगी. आम्ही मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, हीच आमची रीत. त्या सकाळी मात्र ती एवढं मराठीत बोलली... शैलाताईंना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, पण त्या सावरताहेत असंच आम्ही समजत होतो. आता महिना उलटून गेला, तरी "शैलाताई असं म्हणतात" हेच माझ्या तोंडून निघतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन दुबईच्या देरा भागात आले, तेव्हा त्या आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. मूळच्या मिरजेच्या. नवरा, दिनकरराव, एका ट्रेडिंग ऑफिसात अकाउंटंट आणि केतकी तेव्हा केजीत. इमारत जुनी, तळमजल्यावर किराणा दुकान आणि एका हॉटेलचं किचन. थंडीचे महिने बरे जायचे. फेब्रुवारी सरत आला, हवा तापू लागली, की सिंकखालून, मोरीच्या जाळीतून, पाइपांच्या भोकांतून झुरळं वर चढायची. मुंग्या तर साखरेचा डबा शोधतच यायच्या. आम्ही सगळ्या स्प्रे मारायचो, दिवसभर खोकायचो आणि पुन्हा नवा स्प्रे आणायचो. शैलाताईही तेच करायच्या, हे मुद्दाम सांगते.

त्यांच्या भिंतीपलीकडच्या खोलीत कोकणातले सात-आठजण दाटीवाटीने राहत. दिवसभर साइटवर काम. त्यांच्यातल्या गुहागरच्या वसंतने बाजारातून कुणाकडून तरी झुरळांच्या गोळ्या आणल्या. हवा लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, सकाळी गोळ्या ठेवून, खोलीला कुलूप लावून ते सगळे बाहेर पडले. दुपारी केतकीला उलट्या सुरू झाल्या. आधी वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. मग पोर हाकेला ओ देईना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पडोस में किसी ने दवाई डाली है क्या?"

ते दोन-तीन दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. केतकी वाचली. पण वसंत हॉस्पिटलमध्ये भेटायला आला, तेव्हा दिनकररावांनी त्याची कॉलरच धरली. शैलाताई मध्ये पडल्या. "अहो, सोडा त्याला. मारायचं म्हणून नाही केलं त्याने." पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. वसंतला समज देऊन सोडलं. दिनकरराव त्यानंतर कितीतरी दिवस बायकोशी धड बोलले नाहीत. मला त्यांचंही चुकलं असं वाटत नव्हतं. लेक होती हो त्यांची...

शैलाताई मात्र घरी आल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघराच्या भिंतीशी बसल्या. पाइपाच्या बाजूला बोट जाईल एवढी फट होती. मला म्हणाल्या, "वृंदा, झुरळं ज्या वाटेने आली, विषही त्याच वाटेने आलं. ही वाट बुजवायची. इमारतीतल्या प्रत्येक घरातली."

मालकाच्या मॅनेजरने आधी हसून टाळलं. "मॅडम, कॉकरोच तो पूरे देरा में है. इन्शाल्ला, देखेंगे." शैलाताई रोज केतकीला शाळेच्या बसमध्ये बसवून त्याच्या ऑफिसात जाऊन बसू लागल्या. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. नुसत्या बसून राहायच्या. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "खलास मॅडम, प्लंबर भेजता हूँ!"

मग पुढची थंडी सरायच्या आत, एका शुक्रवारी, इमारतीतली सगळी दारं उघडी ठेवायची असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं. ठिबकणारे नळ दुरुस्त झाले, मोऱ्यांना बारीक जाळ्या बसल्या, फटींत पांढरं सिमेंट गेलं. दुकानातून येणारे पुठ्ठ्याचे खोके घरात आणायचे नाहीत, उष्टी भांडी तशीच ठेवायची नाहीत, कचरा रोज खाली न्यायचा. वसंतच्या खोलीतला एकजण वैतागला, "वैनी, आठवड्यातून एक दिस झोपूक गावता." त्या म्हणाल्या, "झोप तू. मी तुझ्या कॉटखालून सुरुवात करते." तो उठलाच. वसंत सिमेंट कालवत होता. तो मान वर करून बघत नव्हता. शैलाताईंनी त्याच्या हातात थापी दिली आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात नेलं. "ही फट तूच भर."

पुढे दरवर्षी तो शुक्रवार आला. एका वर्षी वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू तसल्याच गोळ्या घेऊन आला. कळताच शैलाताई त्याच्या दारात उभ्या राहिल्या. तो म्हणाला, "मेरा घर, मेरी मर्जी." त्या म्हणाल्या, "दीवार तो सबकी है, भाईसाब." आधी त्यांनी डबा बंदच्या बंद महापालिकेच्या माणसांच्या ताब्यात द्यायला लावला, आणि मग त्याच्या बायकोला मोरीची जाळी कुठे मिळते ते दाखवायला स्वतः घेऊन गेल्या. त्या इमारतीत पुन्हा कुणाला विषबाधा झाली नाही. झुरळं अधूनमधून दिसायची, नाही असं नाही. पण घाबरून पुन्हा कुणी विष आणलं नाही.

आम्ही पुढे शारजाला राहायला गेलो. परवा दिनकररावांना भेटायला गेले. दार केतकीने उघडलं. आत फ्रिज भिंतीपासून ओढून काढलेला, फरशी ओली आणि दिनकरराव गुडघ्यांवर बसून टॉर्चने मागचा कोपरा बघत होते. या कामाला त्यांनी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. मला बघून उठू लागले, तर मीच म्हटलं, "बसा, बसा."

"हवा बदलली," ते म्हणाले. "आता उशीर करून चालायचं नाही. शैला चिडेल."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी पर्स ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.