गेटाच्या आत हातभर जागा

घर सोडलं त्या सकाळी आबांनी मला सायकलवरून मालवणच्या एसटी स्टँडवर नेलं. मागे कॅरियरवर मी, मांडीवर कपड्यांची बॅग, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीत आयेने कोंबलेलं कुळथाचं पीठ, कोकमाची सोलं आणि जुन्या पेपरात गुंडाळलेले सुके बांगडे. देवबागेतून बाहेर पडताना एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधून रस्ता. वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूत चाक रुतलं की आबा नुसतं "धर" म्हणत आणि मी त्यांची कंबर घट्ट धरी. सबंध वाटेत तेवढंच बोलणं. त्यांच्या शर्टाची पाठ हळूहळू भिजत गेली, ती मी बघत होतो.

स्टँडवर मात्र त्यांना कंठ फुटला. सगळ्या गाडीसमोर कंडक्टरला म्हणाले, "ओ मास्तर, पुणा इला काय ह्येका उठवा हां. ह्येका झोप लय." मला नुकती मिसरूड फुटलेली. मागच्या सीटवरच्या मुली फिसकन हसल्या. मी जो पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसलो तो गाडी सुटेपर्यंत आबांकडे वळलोच नाही. वळलो तेव्हा ते सायकलला टेकून उभे होते आणि गाडी नाक्यावर पोचली होती.

शाळा नववीतच सुटली होती. किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढायला घरात हात कमी पडत होते. कोणी तसं बोललं नाही, पण दिसत होतं. पुण्यात आलो, हॉटेलात भांडी घासली, बांधकामांवर पाणी मारलं, तिथल्याच एका प्लंबरच्या हाताखाली काम शिकलो. आता बाणेरच्या एका मोठ्या सोसायटीत पाण्याचं बघतो. पंप, टाक्या, व्हॉल्व्ह, उन्हाळ्यात टँकर. राहतो सुतारवाडीत, आणि कामावर सायकलने जातो.

ह्या शेवटच्या वाक्यावरून सगळं पेटलं. गणपतीतला माझा व्हिडिओ फिरत फिरत आपल्या वाडीच्या ग्रुपवर गेला, त्यात सायकलचा विषय निघाला, तुम्ही हसलात. हसा. पण नंतर जे लिहिलंत त्याने माझं डोकं फिरलं. "इतकी वर्सा पुण्यात रवान अजून सायकलच?" "गाडी घेवक जमना नाय तर परत ये मेल्या, बोटीर ठेवतंय तुका." हे दुसरं माझा चुलतभाऊ सुहास लिहितो. त्याच्या पर्यटकांना फिरवायच्या बोटी आहेत, बुलेट आहे, आणि नाक्यावरून माचिस आणायलाही तो बुलेट काढतो. त्याला मुंबईच्या, गोव्याच्या, दुबईच्या देवबागकरांनी शाबासकीचे अंगठे पाठवले. कोणी कोणी रडकी तोंडं पाठवली. माझी कीव! म्हणून लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. कोणाला काय वाटेल ही धास्ती मला जन्मापासूनची आहे. पण गप्प बसलो तर तुमचंच खरं ठरेल.

तर ऐका. सकाळी मी निघतो तेव्हा बेकरीत खारी निघत असते. बंद काचेच्या गाडीत तो वास शिरत नाही. सायकलवर तो अंगावरून जातो, संपतो, मग नर्सरीतल्या शेणखताचा, मग कुठल्यातरी खिडकीतल्या फोडणीचा. थंडीत कानाला मफलर, हात गारठलेले, पाय मात्र पायडल मारून ऊन ऊन. चढावर मी खाली उतरून चालतो. त्यात लाज कसली? चढ संपला की पलीकडे उतार, आणि त्या उतारावर मी एकदाही पाय मारत नाही. ब्रेकवर दोन बोटं, शर्टात वारा, आणि मी मोठ्याने गातो. आपल्या भजनातलं, जेवढं आठवतं तेवढं. बाकीचं नुसतं आ-आ. कोणी वळून बघेस्तोवर मी पुढे गेलेला असतो. दिवसभरात कोणाचाही हुकूम कानावर न पडता जाणारा वेळ तेवढाच.

खाली उतरलं की गाड्यांची रांग लागते. एकेका गाडीत एकेक माणूस, तोंड सुजल्यासारखं करून बसलेला. मी कडेने सरकत जातो तर हॉर्न माझ्यावर. जशा काही पुढच्या सगळ्या गाड्या मीच अडवून ठेवल्यात! एकदा एका साहेबाने काच खाली करून विचारलं, "ए, मरायचंय का?" मी म्हटलं, "नाय ओ, कामावर जायचंय." आणि गेलो. साहेब तिथेच.

संध्याकाळी परतताना भाजीवाली मेथीची जुडी थेट हँडलच्या पिशवीत टाकते. मी सीटवरून उतरतही नाही, एक पाय जमिनीला लावला की बाजार झाला. आणि एक सांगू? मी काळजी करणारा माणूस. टाकी भरली असेल ना, मोटार जळणार नाही ना, आयेचा गुडघा कसा असेल, आबा औषध घेत असतील का. हे सगळं घेऊन सायकलवर बसतो आणि पाय मारता मारता त्यातलं निम्मं वाटेत कुठेतरी गळतं. सुहास, हे तुझ्या बुलेटवर होतं काय, सांग.

आता रागाचं दुसरं कारण. आमच्या सोसायटीत सायकल दोन जातींची आहे. साहेबलोकांचा एक सायकल क्लब आहे. रविवारी पहाटे ते चकचकीत कपडे घालून डोंगराकडे जातात, परत आले की गेटापाशी फोटो काढतात. त्यांच्या सायकली लिफ्टने वर जातात, काहींच्या तर दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेल्या आहेत, देवासारख्या. मी नळ दुरुस्तीला जातो तेव्हा बघतो. छान आहेत, मला आवडतात. पण सोमवारी मी माझी सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात लावली की ती अडगळ! बोर्डावर नोटीस लागली: कामगारांनी आपल्या सायकली गेटाबाहेर ठेवाव्यात. गेटावरचा वॉचमन बालाजी लातूरकडचा. तो खाली मान घालून म्हणाला, "दादा, मला वरून सांगितलंय."

शोभाताई आमच्याकडे घरोघरी भांडी-झाडू करते. तीही सायकलनेच यायची. तिने गेटाबाहेर झाडाला साखळीने बांधली आणि त्याच आठवड्यात साखळी तोडून कोणीतरी सायकल नेली. ती बराच वेळ फुटपाथवर बसून होती, तुटलेली साखळी हातात. ऑफिसात गेली तर उत्तर मिळालं, "बाहेरची जबाबदारी सोसायटीची नाही." अहो, पण बाहेर ठेवायला लावलं कोणी?

तेव्हापासून माझं कामात लक्ष लागेना. पंप चालू करून मी गेटाकडे डोकावून यायचो, आहे का, गेली का. ती गेली असती तर दोन बस बदलून यायचं, सकाळचं पाणी सोडायला उशीर, आणि उशीर झाला की काम जाणार. आणि तो उतार गेला असता, तो कोणी भरून देणार नव्हतं.

मी बोललो का नाही, असं विचाराल. बोललो. नोटीस काढली होती आमच्या सेक्रेटरी मॅडमनी. मला कावीळ झाली तेव्हा ह्याच बाईंनी माझी जागा दुसऱ्याला दिली नाही आणि बरा होईपर्यंत घरचा डबा पाठवला. उसाचा रसही. ते मी ह्या जन्मात विसरणार नाही. म्हणून त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझा आवाजच बसतो. दोनदा बसक्या आवाजात सांगितलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "बघते रे." माझा स्वभाव उपकार मानणारा, म्हणून त्यांना वाटतं, ह्याला काही बोचतच नाही.

मग गणपती आले. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आरती झाली आणि मॅडमनी माईकवर पुकारलं, "आता आपला विनायक अस्सल मालवणी गाऱ्हाणं घालणार! सगळ्यांनी जोरात होय महाराजा म्हणायचं हं!" टाळ्या, आणि मोबाईल उंचावलेले. आपल्याकडे गाऱ्हाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. देवासमोर नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने मागणं घालायचं, आणि जो व्हय म्हणतो तो त्या शब्दाला बांधला जातो. इथे ती करमणूक. मी नारळ हातात घेतला, हात जोडले आणि सुरू झालो.

"बा देवा गणराया म्हाराजा! आज जो काय ह्यो नारळ ह्या लेकरांनी तुझ्या पायाकडे ठेवलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय महाराजा!"

"ह्यांच्या पोरांक शाळेत येश दी, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांक बळ दी, आणि ती लिफ्ट मधीच बंद पडता, तिका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

हशा. "होय महाराजा!"

"जे कोण आयतवारी सायकली घेऊन डोंगरार जातत, तेंका हातीपायी सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

क्लबवाल्यांनी मांडव दणाणून सोडला. माझा बसका आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"आणि जे कोण सोमवार ते शनवार सायकल मारीत ह्यांच्या घरची कामा करूक येतत, तेंची सायकल गेटाच्या भायर उन्हापावसात रवता, चोर घेऊन जाता, तेंका गेटाच्या आत हातभर जागा दी रे म्हाराजा!"

तोंडाला लय लागली होती. सगळ्यांनी म्हटलं, होय महाराजा. मॅडमनी म्हटलं, माईक त्यांच्याच हातात होता. मग हसू मध्येच अडकल्यासारखं झालं. टाळ्या पडल्या, पण विखुरलेल्या. मागे शोभाताई उभी होती, तिने एकटीने आणखी एकदा म्हटलं, "होय महाराजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाबाहेर सायकल लावायला थांबलो तर बालाजीने गेट उघडलं. "आत घ्या दादा. मी पण होय म्हणलंय." थोड्या वेळाने मॅडम पंपहाऊसवर आल्या. बाईंचे डोळे लाल.

"विनायक, मला एकटीला सांगता आलं नसतं?"

"दोनदा सांगितलं मॅडम. तुम्ही बघते म्हणालात."

"सगळ्यांसमोर मला वाईट ठरवलंस. तुझ्या काविळीत मी..."

"ते विसरलो नाही. म्हणून तर तुम्हाला नाही, देवाला सांगितलं."

त्यांनी प्रेशरच्या काट्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाल्या, "होय तर मीही म्हटलं." जनरेटरच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी आता आमची जागा आहे. बोर्डावरची ती नोटीस उतरवली. शोभाताईची सायकल मात्र परत आली नाही. तिच्यासाठी जागा आहे, लावायला काही नाही. आणि माझा राग म्हणाल तर तो तसाच आहे. साध्या शब्दांत मागितलं ते ऐकू आलं नाही. सोंग करून मागितलं ते मिळालं. ह्यात खूश होण्यासारखं काय आहे?

तुमच्या रडक्या तोंडांच्या गदारोळात आबांचा फोन आला. त्यांना कोणीतरी व्हिडिओ दाखवला होता. म्हटलं, आता हेही गाडी घे म्हणणार.

"गाऱ्हाणा बरा घातलंस," आबा म्हणाले. "पण थळाच्या देवाचा नाव घेवक नाय."

"कुठल्या?"

"रे, जंय उभो रवलंस थयच्या जमनीचो धनी कोण? तेचा नाव पयला घेवचा लागता. कोण तो?"

"म्हाईत नाय."

"इतकी वर्सा थंय भात खातंस, आणि म्हाईत नाय?"

खरं सांगतो, तुमच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा हे लागलं. बालाजीला विचारलं, त्याला माहीत नाही. मॅडमनाही नाही. शेवटी गेटासमोर पालेभाजी घेऊन बसणाऱ्या आजींना विचारलं. त्या मूळच्या इथल्या. म्हणाल्या, "म्हसोबा की! तुमची बिल्डिंग हाय ते आमचं रान व्हतं. काम काढलं तवा उचलून नाल्याच्या कडंला ठिवला त्याला." म्हणजे ज्याची जमीन, त्यालाही ह्यांनी गेटाबाहेरच ठेवलाय.

दुसऱ्या सकाळी मी नाल्याकडून वळसा घेतला. बाभळीखाली शेंदूर लावलेला दगड, पुढे सुकलेलं लिंबू. सायकलवर बसल्या बसल्या एक पाय टेकवला, हात जोडले. मी कोण, कुठला, इथे काय करतो, ते मालवणीत सांगितलं. इतक्या वर्षांत ह्या गावाला मी माझं नाव कधी सांगितलंच नव्हतं. कोणी घर कुठे विचारलं की आजवर मी देवबाग म्हणायचो आणि गप्प व्हायचो. आता देवबाग म्हणतो आणि पुढे सुतारवाडीही म्हणतो, जरा चाचरत.

संध्याकाळी आबांना फोन केला. "म्हसोबा," मी म्हटलं.

"म्हसोबा," त्यांनी एकदा म्हणून बघितलं. पलीकडे समुद्राचा आवाज येत होता. "बरा झाला. आता थयचा गाऱ्हाणा तुजा तू घाल."

मला वाटलं, त्यांनी फोन ठेवला.

"आणि हयसून मी घालतंय ता घालतलंयच," आबा म्हणाले. "तुज्या सायकलीचा पण."