पुढून एकदा, मागून एकदा

नेल्डा क्रॅबट्रीनं एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आणि एकही पोर कधी कुठे मागे राहू दिलं नाही. अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरांतले ते वळणाचे रस्ते, हिवाळ्यात त्यावर बर्फ, आणि मागे चाळीस पोरांचा दंगा. पण निघण्याआधी बाई पोरांची डोकी दोनदा मोजायची, पुढून एकदा आणि मागून एकदा. मगच चावी फिरवायची. उशीर होतो म्हणून मुख्याध्यापकांनी कुरकुर करून पाहिली. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली, आणि कुरकुर थांबली.

शिकारीतही तिची हीच खोड. तिच्या नवऱ्यानं, लॉइडनं, तिला साद घालायला शिकवलं होतं. साद म्हणजे लाकडी शिट्टीतून जखमी सशाचं रडणं काढायचं, की ते ऐकून कायोटी, म्हणजे इथला रानकोल्हा, आपणहून समोर येतो. लॉइडपेक्षा तीच सरस निघाली. तिचा ससा असा रडायचा की ऐकणाऱ्याला घास गिळवू नये. पण लॉइडचं म्हणणं तिनं पक्कं धरलं होतं: दाट रानात तीस पावलांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा चारी पाय मोजल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही. त्यावर ती स्वतःच्या बसमधली भर घालायची आणि दोनदा मोजायची. नेल्डाचं मोजून होईतो कोल्ह्याला नातवंडं होतात, असं पेंडीच्या दुकानातले रिकामटेकडे म्हणत. म्हणोत बापडे.

लॉइड जाऊन दोन वर्षं झाली. मागे राहिला त्याचा कुत्रा डीकन, करड्या रंगाचा, एका कानानं बहिरा, आणि चर्चमधल्या थोरल्या सेवकाइतकाच गंभीर. नेल्डा सदुसष्टची. घरात बोलायला तेवढाच एक जीव.

फेब्रुवारीच्या शेवटी शेजारचा हॉलिस प्रुइट दारात आला. त्याच्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि आठवड्यात तीन कोकरं गेली होती. हा हॉलिस नेल्डाच्या बसमधलाच. सात वर्षांचा असताना सीटखालून रांगत मागे जाऊन लपायचा, आणि दुसरी मोजणी खरं तर त्याच्यामुळेच सुरू झाली होती. आता बेचाळिशीचा बाप्या पायरीवर उभा राहून टोपी हातात फिरवत होता.

"मिस नेल्डा, कुंपणापाशी करडं जनावर दिसलं मला. तुमच्या डीकनच्या तोंडाला लोकर होती, ती तर तुम्हीच बघितलीत."

बघितली होती. खोटं ती बोलू शकत नव्हती.

आमच्याकडे रीत अशी की मेंढरांची चटक लागलेलं कुत्रं मालकानं स्वतः मारायचं. शेजाऱ्यावर ती पाळी आणणं म्हणजे नाक कापून घेणं. हॉलिसनं तसं स्पष्ट म्हटलं नाही, बिचाऱ्याला म्हणवलंही नसतं. रविवारपर्यंत थांबतो, एवढंच तो म्हणाला. कोल्हा असेल तर मी त्याला बोलावून दाखवते, असं नेल्डानं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं नव्हतं हे तिला दिसलं.

गुरुवार कोरडा गेला, शुक्रवारही. शनिवारी पहाटे निघताना तिनं डीकनला ताटलीत मऊ पावासारखं बिस्किट, वर सॉसेजची ग्रेव्ही असा लॉइडचा नाश्ता वाढला, आणि वाढताना आपण त्याला शेवटचं जेवण घालतोय की काय असं तिच्या मनात आलं. मग त्याला आत कोंडून ती छऱ्याची बंदूक घेऊन हॉलिसच्या कुंपणामागच्या सीडरच्या झाडीत शिरली. कुठे बसणार हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. चूक इथेच झाली. दुसऱ्यांना शंभर वेळा बजावणारी बाई, पण हॉलिसवरचा राग गेला नव्हता आणि त्याला फोन करायला हात पुढे झाला नाही.

जाड ओकच्या बुंध्याला पाठ, वारा तोंडावर. तिनं हळू आवाजात साद सुरू केली, कारण दाट झाडीत जनावर हाकेवरच असू शकतं. मिनिटभर ससा रडला आणि थांबला. दहा मिनिटं नुसती शांतता. पुन्हा रडला.

तिसऱ्या खेपेला डावीकडे पाचोळा वाजला. काटेरी वेलींच्या जाळीत काहीतरी करडं सरकत होतं, जमिनीलगत, थांबत थांबत, अगदी सशाच्या रोखानं. आलास का रे बाबा, ती मनात म्हणाली, ये, माझ्या कुत्र्याचा जीव वाचव. बंदूक खांद्याला लागली. पुढचा एक पाय, दुसरा. पाठ. मागचा एक, मागचा दुसरा. चार भरले. अंगठ्यानं सेफ्टीचा खटका सरकवला. दुकानातल्या रिकामटेकड्यांनी इथे बार उडवला असता.

पण दुसरी मोजणी राहिली होती. तिची नजर शेपटीकडून निघाली. शेपूट नव्हतं. मागचा पाय वर उचलला गेला आणि त्याला रबरी बुटाचा तळ होता, खाचांत चिखल भरलेला.

नेल्डानं बंदुकीची नळी आभाळाकडे केली, खटका मागे ओढला, आणि मग एकतीस वर्षं वापरलेला आवाज काढला.

"हॉलिस प्रुइट, आहेस तिथेच बस."

करडा कोट पाचोळ्यात सपाट झाला. जाळीतून आवाज आला, "बसलो, मिस नेल्डा."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. दोघं शेजारी शेजारी ओकला टेकली. मग त्यानं अडखळत सांगितलं. उजाडता उजाडता तो मेंढवाड्यात गेला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कोल्हा कुंपणाखालून कोकरू घेऊन या झाडीत पळाला. हा मागे आला. ससा रडताना ऐकला, आणि त्याला वाटलं, लबाडानं जाता जाता ससाही धरला. खाण्यात गुंतलाय तोवर रांगत जाऊन गाठावा.

"माझा ससा खरा वाटला तुला?"

"मला तर रडू येत होतं." तो बुटाकडे बघत म्हणाला, "डीकन नव्हता, मिस नेल्डा. त्यानं उरलंसुरलं चघळलं असेल. मी कोल्हा पाहिला. मी एकट्यानंच पाहिला."

हे शेवटचं वाक्य तिच्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. डीकनसाठी साक्ष देऊ शकणारा जगात एकच माणूस होता, आणि अर्ध्या घटकेपूर्वी तिनं त्याचे चार पाय मोजले होते.

"लहानपणीही असाच रांगायचास सीटखालून," ती म्हणाली.

"आणि तुम्ही दर वेळी शोधून काढायचात."

दोघं हसली, जरा जास्तच. आता नेल्डाचा जीव भांड्यात पडला होता. कोल्हा त्या हसण्यानं तीन डोंगर पलीकडे गेला असणार. मंगळवारी त्याला तिनंच टिपलं, पण ते नंतरचं.

परत येऊन तिनं दार उघडलं. डीकन शेपूट हलवत पायरीवर आला आणि ताटली पुन्हा भरायची आहे अशा चेहऱ्यानं बसला. नेल्डानं त्याचे पाय मोजले, पुढून एकदा, मागून एकदा. चार भरले. मग त्याच्या बऱ्या कानापाशी तोंड नेऊन ती मनसोक्त रडली.