साबिनोच्या फोटोतली तिरीप

साबिनो माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. तळ्याकाठच्या आमच्या कोपाकबाना गावात कुमारी माउलीच्या देवळासमोर माझी मेणबत्त्यांची टपरी, शेजारी त्याचं स्टूल. नवी गाडी घेणारा ती फुलांनी मढवून देवीपुढे आणतो, पाद्री पाणी शिंपडतो, घरचे गाडीवर बिअर ओततात, मग साबिनो फोटो काढतो. त्याचा काळा, स्वस्तातला रशियन कॅमेरा छातीशी धरून त्यात वरून वाकून बघावं लागे. वाकून वाकून त्याची मान तशीच राहिली. मी म्हणायची, देवीपुढे इतकं पाद्रीसुद्धा वाकत नाही.

एकदा कॅमेरा पायऱ्यांवर आपटला आणि मागच्या झाकणाच्या कोपऱ्याला चीर गेली. तेव्हापासून प्रत्येक फोटोत वरून उजेडाची तिरीप गाडीवर उतरू लागली. ट्रकवाल्यांनी ठरवून टाकलं, हा माउलीचा हात. बाकीचे फोटोवाले माशा मारत बसायचे, याच्यापुढे रांग. साबिनोच्या मात्र ती तिरीप डोळ्यांत सलायची.

"मान मोडली माझी, आणि नाव कुणाचं? भोकाचं," तो म्हणायचा.

एका थंडीत शटर आखडलं. कॅमेरा उघडलाच आहे तर सगळंच करू, म्हणून तो हट्टाला पेटला. घट्ट झालेलं ग्रीस पेट्रोलनं काढलं, भिंगावरची बुरशी पुसली, चिरेत माझ्याच शालीची काळी लोकर डिंकानं ठासून बसवली. मग चाचणीला नवी फिल्म घालून भर उन्हात माझा टपरीसकट फोटो काढला. कागदावर उतरला तेव्हा मेणबत्तीची वात न् वात सुटी दिसत होती. साबिनो बराच वेळ बघत राहिला. इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढच्या रविवारी बाजारात बटाटे विकणारी निकोलासा आली. तिच्या मुलानं, एल्वरनं, ट्रक घेतला होता. सगळं रीतसर झालं, फोटोही झाला. दुपारी ती तोच फोटो घेऊन परत आली. तिरीप कुठाय, तिनं विचारलं. पोरगा उद्या माल घेऊन युंगासच्या घाटात उतरणार होता. साबिनोनं कॅमेरा दुरुस्त केल्याचं सांगितलं, मग ढगांवर ढकललं, आणि शेवटी कंटाळला.

"बाई, ती देवी नव्हती. भोक होतं. मी बुजवलं."

संपलं, मला वाटलं. आता गावभर होणार.

"ठाऊक आहे," निकोलासा म्हणाली. "माझ्या छपरातूनही रोज तशीच तिरीप पडते. पण एल्वरला ठाऊक नाही. बापासारखाच भरधाव हाकतो, आणि बाप त्याच घाटात गेला. देवी बघतेय असं वाटलं तर वळणावर हळू तरी जाईल, साबिनोभाऊ."

साबिनोनं माझ्या टोपलीतली हार ओवायची सुई घेतली आणि लोकर उपसायला लागला. सुबक बसवली होती, निघता निघेना. मला त्याच्याकडे बघवेना. ट्रक पुन्हा उभा केला, साबिनो पुन्हा वाकला, आणि संध्याकाळच्या फोटोत तिरीप बरोबर बॉनेटवर पडली. तो फोटो त्यानं न बघताच निकोलासाच्या हातात दिला. चीर नंतर कधी बुजवली नाही.

चाचणीचा तो फोटो माझ्या टपरीत टांगलाय. ट्रकवाले मेणबत्त्या घेताना त्याकडे बघून हळहळतात. म्हणतात, मावशी, नेमका तुझाच फोटो कसा बिघडला?