जर्मन बैठकीतली पुण्याची वहिनी

गुलबर्ग्याच्या जर्मन मंडळींची महिन्याची बैठक ठरली, की सगळ्यात आधी लोण्याची व्यवस्था करावी लागे. मैदा, साखर, बटाटे, कॉफी हे बाजारात मिळे. पण लोणी ताजं, बिनमिठाचं आणि उन्हात न विरघळलेलं हवं असे, आणि ते मिळवायचं काम माझ्याकडे होतं. मला जर्मन भाषेचं एक अक्षर येत नव्हतं. तरी त्या बैठकीचा अर्धा कारभार मी चालवला, असं म्हटलं तर आमचे हेसुद्धा नाही म्हणणार नाहीत. उरलेला अर्धा चालवायची यांची फार इच्छा होती, त्याचीच ही हकीकत.

काळ हैदराबाद राज्याच्या शेवटच्या वर्षांचा. कचेऱ्यांतून उर्दू उठून इंग्रजी येऊन बसली होती, आणि जन्मभर उर्दूत शेरे मारलेले अंमलदार घरी येऊन इंग्रजी पत्रं लिहायचा सराव करत होते. आमचे हे उद्योग खात्यात होते. त्यांना इंग्रजीचा त्रास नव्हता, त्यांचं दुखणं वेगळं होतं. लढाईच्या आधी शिष्यवृत्ती मिळून ते जर्मनीत शिकून आले होते. ती भाषा त्यांना लिहिता, वाचता, बोलता येई. बोलायला माणूस तेवढा नव्हता. आमच्या भागात मराठी, कानडी, दखनी, तेलुगू असं चारी बाजूंनी बोलणारे भेटत, पण जर्मन मात्र फक्त आमच्या न्हाणीघरातून ऐकू येई, दाढीच्या वेळी.

मग गावाजवळच्या एका कारखान्यात परदेशी यंत्रं आली आणि ती बसवायला माणसंही आली. एक मुख्य फिटर, पन्नाशीचा, पोट सुटलेला, मोठ्यानं हसणारा. त्याची बायको. आणि एक तरुण फिटर, ताडासारखा उंच, आपले हातपाय कुठे संपतात याचा अंदाज नसलेला. हे तिघे जर्मनीच्या दक्षिणेकडचे. बिदरकडच्या एका दवाखान्यात एक स्विस नर्स होती, तिलाही जर्मन येई. ती बसनं धुळीत न्हाऊन पोचायची. या चौघांनी महिन्यातून एका रविवारी मुख्य फिटरच्या बंगल्यावर जमायचं ठरवलं. कॉफी, केक, पत्ते, शेवटी गाणी. आपल्याकडच्या हळदीकुंकवापेक्षा आवाज जास्त, शिष्टाचार कमी.

हे कानावर आल्यापासून यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. बोलावणं आलं त्या दिवशी यांनी ट्रंकेच्या तळातून लोकरीचा सूट काढला. फाल्गुन संपत आला होता, गुलबर्ग्याची फरशी दुपारी तव्यासारखी तापत होती.

"अहो, लोकरीचं घालून जायलाव? भाजून निघाल."

"त्यांच्यात रीत असते. तुला काय ठाऊक हाय?"

मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी एक पंचा बरोबर घेतला.

बंगल्याच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा व्हरांड्यातून हसण्याचा नुसता दणका येत होता. मुख्य फिटर बनियनवर होता, नर्सनं पाय समोरच्या खुर्चीवर टाकले होते, तरुण फिटर हातवारे करून कसली तरी फजिती सांगत होता. हे वर चढले, टाचा जुळवल्या आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणाले. वाक्य लांब होतं. ते संपेपर्यंत मुख्य फिटरनं आत जाऊन सदरा चढवला होता, नर्सचे पाय जमिनीवर आले होते, पत्ते उशीखाली गेले होते. चौघेही उभे. मग एकेकानं हळू, स्वच्छ, शब्द मोजून उत्तर दिलं. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं देतात तसं.

परतताना हे टांग्यात घामानं निथळत होते आणि आनंदानंही. "काय सुसंस्कृत माणसं! किती अदबीनं बोलतात!"

मी त्यांच्या हाती पंचा दिला.

माझं तिथं पहिल्याच फेरीत बस्तान बसलं होतं, ते असं. मुख्य फिटरच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं आणि मलाही बेताचंच. पण ती खानसाम्याकडून दखनी शिकली होती आणि शेजारच्या कानडी बायकांकडून 'अक्का' म्हणायला. पहिल्याच दिवशी माझा हात धरून तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि एक भांडं नाकाशी धरलं. "अक्का, ये मक्खन नक्को. नमक है. दूसरा होना." मी म्हटलं, "मिलता. पर सुबू लाना पडता." एवढ्यावर आमची मैत्री झाली. पुढं आम्ही दोघी मिळून सासू, डाळीचा भाव, खानसाम्याची चोरी, सगळ्यावर बोललो. व्याकरण दोघींनाही नव्हतं, त्यामुळं अडलं नाही.

बाहेर यांचं मात्र अडत होतं. तिसऱ्या बैठकीनंतर टांग्यात यांनी कबूल केलं.

"आपसात बोलतात ते मला कळंना गेलंय."

"कामून? जर्मनच बोलतात की."

"न्हाई. माझ्याशी बोलतात ती जर्मन. आपसात काहीतरी दुसरंच बोलतात. मी हात धुवायला उठलो की हशा सुरू, मी आलो की बंद."

मला ते तिथल्या तिथं उमगलं. जर्मन न येता उमगलं, कारण माझं माहेर बिदरकडच्या निर्णा या खेड्यातलं आणि माझी एक वहिनी पुण्याची. वहिनी निर्ण्याला आली की आमच्या घराचा चेहरा बदलायचा. 'कामून' जाऊन 'का बरं' यायचं, 'व्हय' जाऊन 'होय' यायचं. आई तर तिला पाणी विचारतानाही सभेत बोलल्यासारखी बोले. माझे काका तेवढे दिवस मुकेच राहत. बैलांशीसुद्धा गोठ्यात जाऊन हळू बोलत. वहिनी बिचारी स्वभावानं गरीब होती. ती कधी कुणाला हसली नाही. पण ती स्टेशनात गाडीत बसली की घरभर असा काही गलका उठे, जशी जत्राच भरली.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही त्यांची पुण्याची वहिनी झालाव."

हे रागावले. घरी जेवताना भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मग करावं काय?"

त्यांनी बरंच केलं, आणि जे केलं त्यानं बिघडतच गेलं. सूट सोडला, पण सदऱ्याला वरचं बटण लावायचं सोडलं नाही. तरुण फिटरला गाठून 'तुमच्याकडची बोली मला शिकवा' म्हणाले. त्याचे कान लाल झाले. आमच्या काकांना कुणी वही उघडून 'तुमचं खेड्यातलं बोलणं शिकवा' म्हटलं असतं तर त्यांचं जे झालं असतं, तेच झालं. पुढच्या बैठकीला तो तापाचं निमित्त सांगून आलाच नाही.

मग गाण्यांचं झालं. त्या मंडळींना प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवं येई; पुढं टेबलावर बोटं वाजवत नुसतं गुणगुणून साजरं करत. यांना सगळी कडवी पाठ. एका रविवारी सगळे नेहमीच्या जागी थांबले आणि हे एकटेच पुढं निघाले. दुसरं, तिसरं, चौथं. उभं राहून, हात मागं बांधून. बाकीचेही मग उभे राहिले, बसणार कसे? कॉफीवर साय धरली. स्वयंपाकघराच्या दारातून आम्ही दोघी बघत होतो. ती माझ्या कानाशी म्हणाली, "साब भोत अच्छे हैं अक्का. पर उनके सामने पेट अंदर लेको बैठना पडता."

मी हसले, पण ते वाक्य यांना सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. त्या संध्याकाळी अंगणात खाट टाकून हे आपणहून म्हणाले, "आता मी जाणार न्हाई. वर्षभरात यंत्रं बसतील, ते निघून जातील. तेवढे दिवस त्यांना मोकळं बसू द्यावं. माझ्यामुळं त्यांचा जीव गुदमरायलाय."

इतकी वर्षं न्हाणीघरात वाट बघितलेला माणूस असं म्हणाला, तेव्हा मला चेष्टा सुचेना.

पण माझी एक सवय आहे. ठरलेली गोष्ट मी मोडू देत नाही. पुढची बैठक आमच्या घरी व्हायची होती. मी आधीच आमंत्रण देऊन बसले होते, लोणी सांगितलं होतं, खुर्च्या शेजाऱ्यांकडून ठरवल्या होत्या. घरच्या मालकालाच 'मी येणार नाही' म्हणता येत नाही. यांनी पळवाट शोधून पाहिली. "मी कोहिनूर गावाला आत्याकडं जाऊन येतो." मी म्हटलं, "आत्याच इकडं यायलीय." ती खरोखर येणार नव्हती, पण यांनी ताडून पाहिलं नाही.

त्या रविवारी मी ओसरीवर टेबल मांडलं. यांनी जर्मनीहून आणलेलं पांढरं कापड, कडेला विणकाम केलेलं, आमच्या घरात फक्त घडी घालून ठेवण्यासाठी होतं. ते मी अंथरलं. बटाट्याची त्यांची भाजी असते, थंड, आंबटसर. ती फिटरच्या बायकोनं केली आणि तिच्या डोळ्यांदेखत मी तीवर मोहरी-कढीलिंबाची फोडणी ओतली. ती "अय्यो" म्हणाली, चाखली आणि दुसरं पातेलंही पुढं केलं. बाहेर ओसरीवर मात्र सभा भरली होती. हे मध्ये, बाकीचे कडेनं, सगळ्यांची बटणं लावलेली. हवामानावर बोलणं चाललं असावं. एवढं जपून माणूस हवामानावरच बोलतो.

मी कॉफीचं मोठं भांडं आणून ठेवलं. तरुण फिटर अदबीनं ते उचलायला उठला, त्याचा गुडघा टेबलाला लागला आणि भांडं आडवं झालं. पांढऱ्या कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कॉफी.

आणि यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो यांचा आवाजच नव्हता. नाकातून, चढा, ताणून ताणून, बाईमाणसाचा. हात कमरेवर गेले, मान पुढं आली, आणि असा काही पट्टा सुटला की मला शब्द कळत नसूनही मी दोन पावलं मागं सरले. तरुण फिटर भांडं छातीशी धरून थिजला.

हे थांबले. स्वतःच घाबरले. हात कमरेवरून काढून कुठं ठेवावेत ते कळेना.

आधी नर्सला ठसका लागला. मग मुख्य फिटरनं टेबलावर डोकं टेकलं, कॉफीतच, आणि त्याचे खांदे हलू लागले. बघता बघता सगळी ओसरी हसण्यानं हादरायला लागली. फिटरची बायको माझ्या खांद्याला धरून रडत होती. तिनं नंतर डोळे पुसत उलगडा केला, तो असा. हे लाइपझिगला ज्या घरी भाड्यानं राहत, तिथली मालकीण म्हातारी होती आणि जिन्यात पाण्याचा थेंब दिसला तरी रोज सकाळी तोंड सोडायची. तिकडची ती बोली, तिचा हेल, सगळ्या जर्मनीत चेष्टेचा विषय. यांनी अभ्यास केला होता तो पुस्तकी भाषेचा. म्हातारीची भाषा न शिकता कानात जाऊन बसली होती. माझ्या समजुतीसाठी ती म्हणाली, "अक्का, समझो मेरा मरद मूं खोला और तुम्हारे बाजार की भाजीवाली बुढ्ढी निकली!"

ते शिव्याशाप आपल्याकडच्या भाषेत मी यांच्याकडून पुढं वदवून घेतले: "आरं ए टोणग्या, कामून सांडवलास? हात हायत का फावडे? फरशी काय तुझी आई येऊन पुसणार हाय व्हय?"

मुख्य फिटरनं डोकं वर काढलं, कपाळावरून कॉफी गळत होती, आणि बोटानं खूण केली: पुन्हा. हे लाजले. तरुण फिटरनं रिकामं भांडं मुद्दाम पुन्हा आडवं केलं. मग हे पुन्हा ओरडले, या वेळी जरा रंगवून. त्यावर मुख्य फिटर उठला, त्यानंही कमरेवर हात ठेवले आणि आपल्या गावच्या बोलीत यांना उलट झापलं. यांना त्यातलं काही कळलं नाही, ते तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तसं ते म्हणालेही. तर कुणी सावकाश, स्वच्छ करून सांगितलं नाही. तेच पुन्हा दुप्पट मोठ्यानं सांगितलं आणि पाठीत धपाटा घातला. सदऱ्यांची बटणं सुटली. पत्ते बाहेर आले.

थोड्या वेळानं हे स्वयंपाकघरात आले. केस विस्कटलेले, गाल लाल.

"अगं, ते माझी चेष्टा करायलेत!"

"मग?"

"मला म्हातारी म्हणायलेत. सगळेच. ते तरणंसुद्धा!" सांगताना हसू ओठांत मावत नव्हतं.

"बरं. आता ते कापड तेवढं काढून आणा. डाग बसायलाय."

"थांब जरा," हे दारातूनच वळत म्हणाले, "डाव माझ्यावर आलाय."