एका गोळीचे मामाजी

रानडुकराशी अदबीने बोलणारा माणूस जगात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. जैनथच्या अलीकडे, पैनगंगेच्या काठी मामाजींची कापसाची आणि ज्वारीची शेती होती, आणि घरात देवाच्या कोनाड्याशेजारी, खुंटीला, पीकरक्षणाच्या लायसनवर घेतलेली एक रायफल टांगलेली असे. तिच्यात एका वेळी एकच गोळी बसे. ती उडवली की खटका दाबून मागचा भाग उघडायचा, रिकामी पुंगळी काढायची, बंडीच्या खिशात चाचपडून दुसरी गोळी शोधायची, तिला चिकटलेली तंबाखू फुंकायची आणि मग ती आत सरकवायची. एवढ्या वेळात डुक्कर राज्याची हद्द असलेली नदी ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात पोचलेलं असे.

शेजारच्या शिवारातल्या एका पाटलांकडे दुनळी बंदूक होती. भेटतील तिथे ते मामाजींना हे लाकूड विकून चांगलं हत्यार घ्यायचा सल्ला देत. मामाजी हसत आणि त्यांना पान देत. निवडणूक आली की लायसनवाल्यांना आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावी लागत. एकदा तिथे नव्याने आलेल्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, रायफल उलटीपालटी करून विचारलं, “एकच गोली? दूसरी कब डालते?” मामाजी शांतपणे म्हणाले, “पहली की शरम गई के बाद, साब.” साहेबांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी चहा मागवला.

यावरून कुणाला वाटेल की मामाजींना नेमबाजी येत नसावी. तसं मुळीच नव्हतं. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाला एक वाळका भोपळा टांगत. आधी पाटील दोन्ही नळ्या झाडत. भोपळा जागच्या जागी राही, फक्त आसपासचे कावळे उठत. मग मामाजी पुढे येत. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत. खिशातून कापसाचं बोंड काढून त्यातला चिमूटभर कापूस हवेत सोडत आणि तो कुठे जातो हे पाहत राहत. नंतर मांडी घालून बसत, पुन्हा उठून खालचा खडा काढून टाकत, पुन्हा बसत. तोवर बायका घरी जाऊन डाळ शिजायला टाकून परत आलेल्या असत. शेवटी एकच आवाज होई आणि भोपळा सबंधच्या सबंध खाली पडे, कारण गोळी भोपळ्याला नव्हे, त्याच्या दोरीला लागलेली असे. भोपळ्याचा काय गुन्हा, असं त्यांचं म्हणणं होतं.

असा माणूस शेतात मात्र जन्मभर एकही डुक्कर मारू शकला नाही, आणि याचं कारण त्यांची एक रीत होती. मचाणावर बसावं, ज्वारी सळसळावी, मामाजींनी गोळी भरावी, नेम धरावा, आणि चाप ओढण्याआधी खणखणीत आवाजात विचारावं, “कोन व्हय? माणूस असान तं बोला जी.” साहजिकच डुक्कर न बोलता पळून जाई. गावात हा विनोद इतका मुरला होता की जैनथच्या बाजारात लोक मला, डुकराला नाव विचारणाऱ्यांचा जावई, असं ओळखत. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे ही ओळख मला फारशी सोयीची नव्हती. एकदा मी धीर करून विषय काढला. मामाजी म्हणाले, “जवाईबापू, दुनळीवाल्याले वाटते, चुकलं तं दुसरी आहे. मले ठाऊक आहे, दुसरी नाही. मंग जे इचारायचं ते मी आंधीच इचारून घेतो.”

या रीतीची सगळ्यात जास्त टिंगल करणारी व्यक्ती घरातच होती. ती म्हणजे माझ्या सासूबाई. डुक्कर आपल्या घरी पाव्हणं येत नाही, हे त्या रोज नव्या शब्दांत सांगत.

त्या वर्षी ज्वारी दृष्ट लागावी अशी आली होती आणि डुकरांनी एका रात्रीत नदीकडची अख्खी पट्टी लोळवली. त्यात भर म्हणजे सीताफळांचे दिवस. मामाजींनी पाटीभर सीताफळं एकट्याने संपवली आणि त्यांचा घसा असा बसला की तोंडातून नुसता वारा निघे. सासूबाईंना वाटलं, देवानेच वाट काढली. सकाळी न्याहारी वाढताना त्या म्हणाल्या, “आज तं आवाजच नाही. आज इचारू नका, मुकाट्यानं मारा.” मामाजींनी मान हलवली, ती होय म्हणून होती की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी सुट्टीवर होतो, म्हणून सोबतीला गेलो.

दिवेलागणीला आम्ही मचाणावर होतो. थोड्या वेळाने डुकरांनी लोळवलेल्याच पट्टीला लागून ज्वारी हलली. ताटांच्या बुडाशी काहीतरी काळं, वाकलेलं, थांबत थांबत पुढे येत होतं. मी कुजबुजलो, “मामाजी, डुक्करच आहे. पाठ दिसते.” त्यांनी गोळी भरली आणि रायफल खांद्याला लावली. वारा पडलेला होता, कापूस सोडायचीही गरज नव्हती. त्यांनी सवयीने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. ते काळं आता भोपळ्याच्या दोरीपेक्षा कितीतरी जवळ आलं होतं. मामाजींनी नळी खाली केली, कोपराने मला ढोसलं आणि हाताने खूण केली, तुम्ही विचारा.

डुकराला हाक मारायची मला मनस्वी लाज वाटली. पण सासऱ्याचा शब्द, आणि त्यातून शब्दही नसलेला. मी वर्गात हजेरी घेतो तशा सुरात ओरडलो, “कोण आहे? माणूस असाल तर बोला!”

ज्वारीतून उत्तर आलं, “मी व्हय, जवाईबापू. काढा थंडा होऊन राह्यला.”

काळं घोंगडं पांघरून, हातात कडीचा डबा घेऊन सासूबाई उभ्या राहिल्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच्या वाटेवर, चिखल होता म्हणून त्या ज्वारीतून आल्या होत्या, आणि येता येता डुकरांनी पाडलेली कणसं वाकून वेचत होत्या. मी मचाणाच्या खांबाला घट्ट धरून बसलो. मामाजींनी रायफल उघडली, गोळी काढली आणि खिशात टाकायला गेले, तर खिसा सापडेना. शेवटी गोळी मी घेतली. त्या दिवशी मला जेवढं हायसं वाटलं, तेवढं नंतर मुलीच्या लग्नातही वाटलं नाही.

मामाजी खाली उतरले आणि उभ्या उभ्या सगळा काढा प्यायले. रिकामा डबा परत घेत सासूबाईंनी विचारलं, “आन् जवाईबापू सोबत नसते तं?” मामाजींनी रायफल माझ्या हातात दिली, सासूबाईंच्या डोक्यावरचं घोंगडं काढून आपल्या खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. मचाणावरून त्यांनी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. चाप ओढला नसता. ज्वारी गेली तर गेली, म्हणून घसा सुटेपर्यंत बसून राहिले असते.

त्यानंतर गावात कुणी डुकराचा विषय काढला की सासूबाई पदर खोचून पुढे होत. “हे इचारते. इचारतीनच. तुमच्या दुनळीनं कधी कोनाले इचारलं काय?”

मामाजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. रायफल ठाण्यात जमा केली, खुंटीला आता छत्री असते. सासूबाई थकल्या आहेत, तरी हंगामात शेतात जाण्याचा हट्ट सोडत नाहीत. मागच्या सुट्टीत मीही त्यांच्या मागे मागे गेलो. मचाण कधीच मोडलं होतं. ज्वारीत शिरण्याआधी त्या धुऱ्यावर क्षणभर थांबल्या, पदर सारखा केला, आणि कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, “मी व्हय जी.”

मग त्या आत गेल्या.